दुपारच्या पाळीतले फोटो

मुंदिर घोर्बेल जातिवंत स्फाक्सचा माणूस होता आणि स्फाक्सच्या माणसाला वेळ वाया गेलेला खपत नाही. त्याचे वडील जुन्या तटाच्या आत, एका बोळात चपला शिवायचे. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढेपर्यंत ते त्याच्या चालीवरून टाच कुठे झिजली आहे ते सांगून मोकळे व्हायचे. मुंदिर ट्युनिसला जाऊन संगणकाचं शिकला, परत आला आणि कामगारांच्या एका सहकारी संस्थेच्या इस्पितळात नेटवर्कच्या कामाला लागला. नजर मात्र त्याने बापाचीच उचलली होती. जाफ्साच्या शाखेतून फोन यायचा, समोरचा धड बोलायच्या आतच मुंदिर म्हणायचा, "टेबलाखाली बघा, झाडूवालीने वायर काढली असेल." बघावं तर खरंच निघालेली असायची. एकोणीस वर्षांत असं इतक्या वेळा झालं, की त्याचं बोलणं हाच निकाल असं इस्पितळात सगळे धरून चालायला लागले. आणि लोकच धरून चालतात म्हटल्यावर तोही धरून चालायला लागला.

संस्थेचा एक छोटा दवाखाना समुद्रापलीकडे केर्केना बेटावर होता, धक्क्यापासून चालत दहा मिनिटांवर. तिथे एक डॉक्टर, दोन नर्स आणि एक्स-रेचं यंत्र. एक्स-रे वाचणारा तज्ज्ञ बेटावर नव्हता, तो स्फाक्सला बसायचा. फोटो बेटावर काढायचा, तारेवरून स्फाक्सला पाठवायचा, अर्ध्या तासात तिकडून उत्तर यायचं. हाड मोडलंय की नुसतं मुरगळलंय, छातीत पाणी आहे की साधा खोकला, हे कळायला म्हाताऱ्या माणसांना सव्वा तास बोटीत हेलकावे खात जावं लागायचं नाही. ही सगळी व्यवस्था मुंदिरनेच उभी केली होती आणि तिचा त्याला अभिमान होता.

यंत्रावर दोघं काम करायची. सकाळी लस्साद, तिशीतला, मोबाइल खिशात नसेल तर कासावीस होणारा. दुपारी एक ते सहा दलेंदा.

दलेंदाने पंचावन्न ओलांडलेली. सत्तावीस वर्षं ती याच कामात होती. त्यातली निम्मी वर्षं तिने लाल दिव्याच्या अंधाऱ्या खोलीत फिल्म धुण्यात काढली होती, त्यामुळे तिच्या बोटांच्या टोकांची कातडी कायमची तपकिरी पडली होती. नवं यंत्र आलं तेव्हा ती न कुरकुरता शिकली. वहीत पायऱ्या लिहून काढल्या, पहिले सहा महिने वही उघडी ठेवून काम केलं, मग वही मिटली. दुपारची पाळी तिने स्वतः मागून घेतली होती, कारण घरी आई अंथरुणाला खिळलेली होती आणि सकाळी तिचं सगळं करायला दुसरं कुणी नव्हतं.

त्या वर्षी ईद झाली आणि दुसऱ्याच आठवड्यात तक्रार आली. स्फाक्सच्या तज्ज्ञाकडे बेटावरच्या रोग्याचं नाव दिसायचं, वय दिसायचं, 'उजवा गुडघा' असं लिहिलेलं दिसायचं. फोटोच्या जागी मात्र नुसता काळा चौकोन. बेटावर दलेंदाच्या पडद्यावर 'पाठवत आहे' अशी पट्टी यायची, थोडी सरकायची आणि तिथेच थिजायची. दहा मिनिटं, वीस मिनिटं. मग यंत्र आपणहून हात टेकायचं.

मुंदिरने स्फाक्सहून जोडणी तपासली. ठणठणीत होती. लस्सादला फोन केला.

"सकाळी माझे सगळे जातात, सी मुंदिर," लस्साद म्हणाला. "आज नऊ पाठवले. नऊच्या नऊ पोचले."

"आणि दुपारी?"

"दुपारचं मला काय ठाऊक? दुपारी मी घरी. लल्ला दलेंदाला विचारा." तिकडे पुरुषाला मानाने 'सी' म्हणतात आणि मोठ्या बाईला 'लल्ला'.

मुंदिरने तिला विचारलंच नाही, थेट बेटावर गेला. सकाळच्या लूदने, म्हणजे त्या मोठ्या फेरीबोटीने निघाला आणि नऊला दवाखान्यात हजर. लस्सादच्या शेजारी बसून त्याने दहा फोटो पाठवले. जुने पाठवले, नवे पाठवले, छातीचे मोठे पाठवले. सगळे सुरकन गेले. वायरी ओढून पाहिल्या, खोके उघडून पाहिले, धूळ झटकली. कुठे काही नाही. साडेबाराला दलेंदा आली तेव्हा तो बॅग आवरत होता. परतीची लूद एकची. ती चुकली तर पुढची थेट संध्याकाळी.

"काय सापडलं?" दलेंदाने विचारलं.

"काहीच नाही, लल्ला. सगळं व्यवस्थित चाललंय."

"आता चाललंय. एक वाजू दे."

"एक वाजता काय होतं?"

तिने डोक्यावरची ओढणी सारखी केली. ती बोलायला लाजत होती हे मुंदिरला दिसलं, पण कशासाठी ते त्याने मनावर घेतलं नाही. "हसाल तुम्ही," ती म्हणाली. "पण मी रोज बघते. एकची लूद सुटताना भोंगा वाजवते ना, तोपर्यंत जातात. भोंगा झाला, की त्यानंतर एक फोटो जात नाही."

मुंदिर हसला नाही. निदान तिथे तरी नाही. "बोटीच्या भोंग्याने फोटो अडत नसतात, लल्ला."

"ते मलाही कळतं. मी शेळ्या वळायला बसलेली नाही इथे. मी म्हणतेय, वेळ तीच आहे. तुम्ही आज संध्याकाळच्या बोटीने जा. दुपारभर इथे माझ्या शेजारी बसा. जेवण मी आणलंय, दोघांना पुरेल."

त्या दिवशी मुंदिरच्या मुलीचा शाळेत कसलासा कार्यक्रम होता. "पुढच्या वेळी नक्की," असं म्हणून तो निघाला. पुढे तो दोनदा आला. दोन्ही वेळा सकाळच्याच बोटीने, आणि दोन्ही वेळा साडेबाराला बॅग खांद्याला होती. दर वेळी निमित्त वेगळं होतं आणि दर वेळी खरं होतं. कधी शाखेतलं काम, कधी सासऱ्यांचं डोळ्याचं ऑपरेशन. तिसऱ्या वेळी दलेंदाने आग्रहही केला नाही. नुसतं म्हणाली, "बरोबर आहे. तुमची बोट चुकायला नको."

भोंग्याची गोष्ट मात्र त्याने स्फाक्सला नेली. दुपारी कॉफी पिताना चारचौघांत रंगवून सांगितली. दलेंदाचा आवाज काढून, भुवया उंचावून. लोक पोट धरधरून हसले. केर्केनाच्या लोकांवर स्फाक्सला तसेही विनोद चालतात, त्यात हा नवा होता आणि घरचा होता. कुणीतरी तो फोनवर लस्सादला सांगितला, लस्सादने धक्क्यावरच्या कॉफीच्या दुकानात सांगितला. आठ दिवसांत बेटावरची पोरंसोरंही तिला 'भोंगेवाली' म्हणायला लागली. तिकीटखिडकीवरचा माणूस तर तिला बघितलं की तोंडाने 'भोंऽऽ' करायचा.

मुंदिरने यंत्रातल्या नोंदी काढल्या. प्रत्येक फसलेल्या फोटोपुढे लिहिलं होतं की पाठवणाऱ्या बाजूने वाट पाहून जोडणी सोडली. चार ठिकाणी तर चक्क 'रद्द' असा शब्द होता, म्हणजे माणसाने बटण दाबलं होतं. त्याने दलेंदाला फोन केला.

"लल्ला, 'रद्द' तुम्ही दाबलंत?"

"दाबलं. पंधरा मिनिटं पट्टी हलली नाही, बाहेर पोर रडत होतं, मग काय करू? पुन्हा पहिल्यापासून पाठवून बघितलं."

"दाबलंत ना, एवढंच विचारायचं होतं."

त्याने पानभर अहवाल लिहिला. जोडणीत दोष नाही. सकाळच्या पाळीत शंभर टक्के फोटो पोचतात. बिघाड फक्त एका कर्मचाऱ्याच्या हाताखाली होतो. नोंदींत घिसाडघाईने रद्द केल्याचे पुरावे आहेत. हाताळणीतला दोष, फेरप्रशिक्षण किंवा बदली सुचवत आहे. खाली सही.

व्यवस्थापक सी फाखफाख यांनी फेरप्रशिक्षणाच्या भानगडीत पडायचं टाळलं. दुपारची एक्स-रेची पाळीच बंद केली आणि दलेंदाला नावनोंदणीच्या खिडकीवर बसवलं. तक्रारी त्या दिवसापासून थांबल्या. थांबणारच. पण त्या वेळी सगळ्यांना, मुंदिरला तर सगळ्यात आधी, हाच निकालावरचा शिक्का वाटला.

हुकूम निघाल्यावर दलेंदाने त्याला एकदा फोन केला. ओरडली नाही. म्हणाली, "सी मुंदिर, मी अर्धी नोकरी अंधारात फिल्म धुतली. हात चाचपडायचे, पण माझ्या हातून एकही फोटो काळा बाहेर आला नाही. कुणी विचारलं तर एवढं सांगा."

कुणी विचारलं नाही. चार महिने ती खिडकीवर बसली. एका पांढऱ्या कागदावर नाव, गाव, कशासाठी आलात. खिडकीपुढे येणारा निम्मा गाव तिला भोंग्याबद्दल विचारायचा. मग मुदतीला दोन वर्षं बाकी असताना तिने राजीनामा दिला. निरोपाला केक आणला होता म्हणे. लस्साद सांगत होता, तिने स्वतःच कापून सगळ्यांना वाटला आणि स्वतः खाल्ला नाही.

दुपारची पाळी बंद झाली त्याला दीड वर्ष झालं. मार्चमध्ये मुंदिर दवाखान्यात नेटवर्कचा नवा खोका बसवायला बेटावर गेला, नेहमीसारखा सकाळी. अकराच्या सुमाराला वारं सुटलं. खजुरीची झाडं एका बाजूला लवायला लागली, बंदरात पाण्यावर पांढरे फेस उठले आणि बाराला निरोप आला, की एकची लूद रद्द. संध्याकाळचीही सुटेल याची खात्री नाही.

"आज बेटाचं मीठ खा," लस्साद खुशीत म्हणाला. "स्फाक्सवाला दुपारी केर्केनात! लिहून ठेवायला पाहिजे."

वाऱ्यामुळे लस्सादही घरी गेला नव्हता. दोघांनी डॉक्टरांच्या खोलीत बसून पाव, ट्यूना मासा आणि हरिसाची लालभडक तिखट चटणी खाल्ली. तीनच्या सुमाराला शाळेतल्या एका बाईंना दोघींनी धरून आणलं. वाऱ्याने आपटलेलं दार त्यांच्या मनगटावर बसलं होतं. मनगट वांग्यासारखं सुजलं होतं. एरवी डॉक्टरांनी पट्टी बांधून त्यांना बोटीत बसवलं असतं, पण आज बोटच नव्हती.

"लस्साद, काढ बरं फोटो," डॉक्टर म्हणाले. "आज पाळी-बिळी बघू नकोस."

लस्सादने फोटो काढला, पाठवायचं बटण दाबलं आणि मोबाइल काढला. थोड्या वेळाने मान वर केली. पट्टी थोडी सरकून थांबली होती.

"अरे?"

"काय झालं?" मुंदिर दारातूनच म्हणाला.

"जात नाहीये."

"दाबलंस का नीट?"

"सी मुंदिर, नीट म्हणजे कसं दाबतात?"

मुंदिर येऊन खुर्चीत बसला. स्वतः पाठवला. पट्टी सरकली, थांबली. सकाळी याच यंत्रावरून याच खुर्चीतून त्याने वीस फोटो पाठवले होते. स्फाक्सच्या तज्ज्ञाला फोन लावला.

"नाव आलंय," तज्ज्ञ म्हणाला. "मनगट, उजवं, असंही आलंय. फोटोच्या जागी काळं."

मुंदिरने घड्याळाकडे पाहिलं. तीन वाजून दहा मिनिटं. त्याचे हात कामाला लागले, कारण हातांना तेवढंच येत होतं.

त्याने स्फाक्सच्या यंत्राला एक लहानसा संदेश पाठवला. उत्तर आलं. थोडा मोठा पाठवला. उत्तर आलं. असं वाढवत वाढवत गेला आणि एका ठरावीक मापाला पोचल्यावर उत्तरं थांबली. एक अक्षर कमी केलं की जायचा, एक वाढवलं की गडप. परत करून पाहिलं. तेच.

मग त्याला आठवलं. आठवलं म्हणजे काय, तो ते विसरला नव्हताच, फक्त कधी विचारात घेतलं नव्हतं. तीन-चार वर्षांपूर्वी सगळ्या शाखांच्या दिवसभराच्या नोंदींची नक्कल दुपारी एकपासून मुख्य तारेवरून जायला लागली होती. त्या गर्दीत बेटाचे फोटो रेंगाळू नयेत म्हणून मुंदिरने एक सोय केली होती: रोज दुपारी एकच्या ठोक्याला बेटाची वाहतूक आपोआप दुसऱ्या, बिनतारी वाटेवर वळेल. बेटावरच्या लोकांच्या भल्यासाठीच केली होती. ती वाट जरा अरुंद होती, पण त्याने बिघडत नव्हतं. तुकडा मोठा आला तर त्या वाटेवरचं यंत्र उलट निरोप धाडायचं की मावत नाही, लहान करून पाठवा. पाठवणारा लहान करायचा आणि काम व्हायचं. दोन वर्षं सुरळीत झालं होतं.

पुढे एका शाखेत व्हायरस शिरला. वरून हुकूम आला की नेटवर्कच्या भिंती पक्क्या करा. रमजानच्या आदल्या आठवड्यात मुंदिरने सगळ्या शाखांच्या वेशींवर नवे नियम चढवले. बाहेरून येणारे फालतू निरोप सरसकट बंद. 'मावत नाही' हा निरोपही त्या फालतूंमध्ये गेला. रमजानात दवाखाना दुपारी बंद असायचा, त्यामुळे महिनाभर कुणाला काही जाणवलं नाही. ईदनंतर दलेंदा दुपारच्या पाळीला येऊन बसली. नावं लहान, ती जायची. फोटोचे तुकडे मोठे, ते अरुंद वाटेवर पडून राहायचे. ते पडले आहेत हे सांगायला कुणीच येऊ शकत नव्हतं.

त्याने तिथूनच बेटाची भिंत उघडली आणि त्या एका निरोपापुरती फट ठेवली. मग पट्टीकडे बघत बसला. पट्टी हलली आणि सरसर टोकाला पोचली.

"गेला!" लस्सादने टाळी वाजवली. "काय हो, जादू! काय होतं?"

बाहेर शाळेतल्या बाई कण्हत होत्या. वीस मिनिटांनी तज्ज्ञाचा फोन आला, की हाड तडकलंय, सरकलेलं नाही, प्लास्टर घाला, बोटीची गरज नाही. डॉक्टर खूश झाले. दीड वर्षात दुपारी पडलेली, आपटलेली, खोकणारी किती माणसं बोटीतून हेलपाटे घालत गेली असतील, याचा हिशेब मुंदिर मनातल्या मनात करायला लागला आणि अर्ध्यावर सोडून दिला.

"लस्साद," तो म्हणाला, "लल्ला दलेंदाने कधी सकाळी काम केलं होतं?"

"नाही. आईमुळे जमत नव्हतं."

"आणि तू दुपारी?"

"आजच." लस्साद बोलता बोलता थांबला. मग हळू आवाजात म्हणाला, "म्हणजे ती भोंग्याचं जे म्हणत होती ते..."

"एकची वेळ," मुंदिर म्हणाला. "ती फक्त वेळ सांगत होती."

दुसऱ्या दिवशी वारं पडलं. स्फाक्सला पोचल्यावर तो सरळ सी फाखफाख यांच्याकडे गेला आणि सगळं सांगितलं. फाखफाख मन लावून ऐकत होते.

"म्हणजे दुपारची पाळी परत चालू करता येईल. उत्तम! एक नवी मुलगी घेऊ."

"आणि दलेंदा?"

"तिचं काय? तिने स्वतः राजीनामा दिला. आपण काढलं नव्हतं."

"माझ्या अहवालावरून तिला खिडकीवर बसवलं होतं. तो अहवाल खोटा होता."

"चुकीचा होता, मुंदिर. खोटा आणि चुकीचा यात फरक आहे. आता गाडलेलं मढं उकरून कुणाचं भलं होणार? तुझंही नाही."

मुंदिरने तरी दुसरा अहवाल लिहिला. त्यात दोष कुठे होता, कुणी घातला, कधी घातला, हे स्वतःच्या नावानिशी लिहिलं. कर्मचाऱ्याची काही चूक नव्हती हे लिहिलं. तो दलेंदाच्या फायलीत लावायला दिला आणि पोच घेतली. फाखफाख यांनी त्यावर शेरा मारला नाही, सहीही केली नाही.

घरी बायकोला, रौधाला, सांगितलं तेव्हा ती वाटाणे सोलत होती. "तू फोन कर त्यांना," ती म्हणाली.

"फोनवर काय बोलू?"

"मग जा. आणि सकाळच्या बोटीने जाऊन एकला परत येऊ नकोस."

शनिवारी तो गेला. दलेंदाचं घर बेटाच्या दुसऱ्या टोकाला होतं. अंगणात दोरीवर ऑक्टोपस वाळत घातले होते, भिंतीला ऑक्टोपस पकडायचे मातीचे घट रचून ठेवलेले. दलेंदा खाली बसून एक ऑक्टोपस मऊ पडावा म्हणून दगडावर आपटत होती. त्याला बघून थांबली, ओल्या हाताने ओढणी वर घेतली.

"सी मुंदिर! रस्ता चुकलात?"

"नाही, लल्ला. तुमच्याकडेच आलोय. आई कशा आहेत?"

"आई गेली. मी खिडकीवर होते तेव्हाच, हिवाळ्यात."

त्याला ते माहीत नव्हतं. "अल्ला त्यांना जन्नत देवो," असं तो पुटपुटला. तिने खुर्ची आणून दिली, स्वतः पुन्हा दगडापाशी बसली. मुंदिरने येताना बोटीत काय काय बोलायचं ते जुळवलं होतं. त्यातलं काहीच आठवेना. त्याने खिशातून अहवालाची प्रत काढून दिली.

तिने हात पुसले, चष्मा आणला आणि उन्हात उभं राहून ते पान वाचलं. एकदा वाचलं, मग मधली ओळ पुन्हा वाचली.

"हे 'मावत नाही'चं नीट कळलं नाही मला. सांग."

ती 'तुम्ही'वरून 'तू'वर आली होती. मुंदिरने सांगितलं. फोटोचे तुकडे होतात, दुपारची वाट अरुंद होती, मोठा तुकडा अडला की तसा निरोप उलट यायला हवा होता. तो निरोप मी बंद केला होता.

"म्हणजे मोठा तुकडा दाराशी अडला, आणि अडलाय हे ओरडून सांगणाऱ्याचं तोंड तू आधीच बांधलं होतंस."

"हो."

"मुद्दाम नाही."

"मुद्दाम नाही. पण बांधलं मीच."

"आणि दुरुस्त करायला किती वेळ लागला?"

खोटं सांगावंसं त्याला वाटलं. निदान एक दिवस म्हणावं, अर्धा दिवस म्हणावं. "अकरा मिनिटं," तो म्हणाला.

दलेंदाने कागदाची घडी घातली. समोरच्या उथळ समुद्रात माशांसाठी रोवलेल्या झावळ्यांच्या कुंपणापाशी एक म्हातारा होडी वल्हवत होता, ती त्याच्याकडे बघत राहिली.

"माझी आई," ती म्हणाली, "शेवटी शेवटी मला विचारायची, तू कामावर काय चूक केलीस गं? ती अंथरुणात पडलेली, पण तिच्या कानावरही भोंग्याचं आलं होतं. शेजारणीने सांगितलं. मी म्हणायचे, काही नाही केली. ती म्हणायची, अगं, मोठी शिकलेली माणसं आहेत ती, उगाच कसं लिहितील? काहीतरी केलं असशील." दलेंदाने चष्मा काढला. "ती तसं समजूनच गेली."

मुंदिरने मान खाली घातली. "लल्ला, मला माफ करा."

"माफ? माफी तू अल्लाकडे माग, त्याच्याकडे पुष्कळ असते." मग तिचं तिलाच बोलणं कडक वाटलं असावं. "चूक कुणाकडून होत नाही, बाळा? मी पहिल्या वर्षी एका माणसाचा डावा पाय उजवा म्हणून लिहिला होता. चुकीचं मला काही नाही. तुझा नियम चुकला, ठीक आहे. मी तुझ्याकडे एक दुपार मागितली होती. तेवढी तू दिली असतीस तर..."

"मी फाखफाखना सांगतो. नव्या पाळीवर तुम्हाला घ्यायला लावतो. दोन दिवस का होईना आठवड्यातून."

तिने त्याच्यासमोर तळवे धरले. बोटांच्या टोकांचा तपकिरी रंग अजून होता, वर मिठाने पडलेल्या भेगा. "हे हात आता ऑक्टोपस आपटतात. आणि त्या दवाखान्यात कुणी एकाने जरी तोंडाने भोंगा वाजवला ना, तर मी तो यंत्राचा पडदा फोडीन. राहू दे."

त्याने पुन्हा विचारलं नाही. दुपारी तिने त्याला जेवायला बसवलं. कुसकुस, वर ऑक्टोपस, भरपूर हरिसा. जेवताना ती बरीच मोकळी बोलली. नातवाचं, वाढलेल्या उन्हाचं, कुंपणात मासे कमी येतात त्याचं. कामाचा विषय तिने काढला नाही. निघताना म्हणाली, "आलास ते बरं केलंस. पण दर महिन्याला असं पडलेलं तोंड घेऊन येऊ नकोस. यायचं तर ऑक्टोपस खायला ये."

धक्क्यावर बोटीची वाट बघताना मुंदिर कॉफीच्या दुकानात गेला. तिकीटखिडकीवरचा माणूस तिथेच होता. मुंदिरने त्याला आणि बसलेल्या चौघांना सगळं सांगितलं: दलेंदा बरोबर होती, रोज एकलाच बिघडत होतं, चूक माझी होती. लोकांनी ऐकून घेतलं. मग तिकीटवाला म्हणाला, "म्हणजे भोंग्यानेच होत होतं तर!" आणि सगळे हसले. मुंदिरने पुन्हा पहिल्यापासून समजावलं. त्या दिवशी त्याला ते पटलं की नाही, कळलं नाही. पुढे मात्र लस्साद सांगायचा, की आता तो माणूस नव्या पाहुण्यांना दलेंदाची गोष्ट सांगतो तेव्हा शेवटी मुंदिरचीही नक्कल करतो. याचं मुंदिरला वाईट वाटलं नाही.

दुपारची पाळी एप्रिलमध्ये सुरू झाली. नवी मुलगी चांगली आहे. मुंदिर आता कुठल्याही शाखेत गेला तर दोन्ही पाळ्या बसून बघतो, घरी उशिरा पोचतो. फोनवर कुणी तक्रार सांगायला लागलं की मधे बोलत नाही. शाखांतले जुने लोक म्हणतात, मुंदिर पूर्वीसारखा राहिला नाही, आता साध्या गोष्टीलाही दोन दिवस लावतो.

दलेंदाकडे तो आणखी दोनदा गेला. दोन्ही वेळा तिने जेवू घातलं. पावसाळी वाऱ्यांच्या आधी पुन्हा गेला तेव्हा दाराला कुलूप होतं आणि दोरी रिकामी होती. शेजारणीने सांगितलं, मुलीकडे सूसला गेली, बहुतेक कायमचीच. घर विकायचं म्हणत होती. लस्सादकडून त्याने तिचा नंबर घेतला. खूप दिवस तो नुसताच मोबाइलमध्ये होता. ईदच्या दिवशी त्याने शुभेच्छांचा निरोप लिहिला, मग त्यात आणखी चार ओळी लिहिल्या, खोडल्या, आणि नुसत्या शुभेच्छाच पाठवल्या.

तासाभराने उत्तर आलं. "तुलाही, रौधाला आणि लेकीलाही."